सीआयएफ म्हणजे घरपोच नव्हे

"दादा, भाडं, विमा सगळं धरून किंमत सांगितली होती ना? मग हे आणखी कसले पैसे?" इंदूरहून मावसबहिणीचा फोन होता. ती छोटी बेकरी चालवते. कणीक मळायचं यंत्र तिने चीनमधून मागवलं होतं. दरपत्रकात लिहिलं होतं, 'सीआयएफ न्हावा शेवा'. यंत्र बंदरात पोचलं आणि खर्चाची यादी सुरू झाली.

विक्रेत्याने तिला फसवलं नव्हतं. तीन अक्षरांचा अर्थ तिने विचारला नव्हता, एवढंच. आयात-निर्यातीत प्रत्येक शब्द सांगत असतो की पैसे कोणी भरायचे आणि नुकसान कोणाच्या माथी. म्हणून आज त्यातले नेहमीचे शब्द पाहू.

किंमत कुठपर्यंतची?

एक्सडब्ल्यू, एफओबी, सीआयएफ, डीडीपी ही अक्षरं 'इन्कोटर्म्स' नावाच्या नियमांतली आहेत. पॅरिसच्या इंटरनॅशनल चेंबर ऑफ कॉमर्सने ते १९३६ साली प्रथम काढले. सध्याची आवृत्ती २०२० ची असून तीत अकरा नियम आहेत.

एक्सडब्ल्यू म्हणजे माल विक्रेत्याच्या दारात तयार, पुढचं सगळं तुमचं. एफओबी म्हणजे तिकडच्या बंदरात जहाजावर चढेपर्यंतचा खर्च त्याचा. सीआयएफमध्ये इकडच्या बंदरापर्यंतचं जहाजभाडं आणि विमाही तोच भरतो. मात्र जोखीम, माल तिकडे जहाजावर चढला की तुमची होते! शिवाय वेगळं ठरलं नसेल, तर विमा किमान संरक्षणाचा असतो, त्यात चोरी बसत नाही. सीमाशुल्क भरून घरपोच हवं असेल, तर शब्द आहे डीडीपी.

ड्यूटीचा हिशेब

'ड्यूटी साडेसात टक्के' ऐकून बहिणीने लाखामागे साडेसात हजार बाजूला ठेवले होते. आता समजा मालाची सीआयएफ किंमत १,००,००० रुपये आहे. मूळ सीमाशुल्क ७,५०० रुपये. त्या शुल्कावर १० टक्के समाजकल्याण अधिभार, म्हणजे ७५०. या सगळ्याची बेरीज १,०८,२५०. तिच्यावर १८ टक्के आयजीएसटी, म्हणजे १९,४८५. एकूण भरणा २७,७३५ रुपये. जीएसटी नोंदणी असेल तर आयजीएसटीची वजावट नियमांनुसार पुढे मिळू शकते, पण माल सोडवताना रोख लागतेच.

दर ठरतो एचएस कोडवरून. पहिले सहा आकडे जगभर समान, भारतात एकूण आठ. कोड चुकला की दर चुकतो. म्हणून ऑर्डर देण्याआधीच कस्टम ब्रोकरकडून तो तपासून घ्यावा. आणि धंद्यासाठी माल मागवायचा तर आयईसी हा आयात-निर्यात क्रमांक आधी काढलेला हवा.

नाव बिल, काम वेगळं

'बिल ऑफ लेडिंग' हे पैशांचं बिल नव्हे. ती माल जहाजावर घेतल्याची पावती, वाहतुकीच्या कराराचा पुरावा आणि बहुतेक वेळा मालाच्या मालकीचा कागदही असतो. तो मूळ स्वरूपात दाखवल्याशिवाय माल मिळत नाही. घराच्या खरेदीखतासारखा जपावा. 'बिल ऑफ एंट्री' म्हणजे आयातदाराने कस्टमला दिलेलं मालाचं निवेदन. निर्यातीत त्याच जागी 'शिपिंग बिल' असतं.

पडून राहिल्याचं भाडं

बहिणीचं यंत्र एलसीएलने आलं, म्हणजे एका कंटेनरमध्ये अनेकांचा माल. पूर्ण कंटेनर एकाचाच असेल तर एफसीएल. एलसीएलचा माल बंदराजवळच्या कंटेनर फ्रेट स्टेशनात उतरवून वेगळा करतात. तिचा मूळ बिल ऑफ लेडिंग कुरिअरने उशिरा आला. तोवर यंत्र गोदामात आणि भाडं चालू.

मोफत दिवस संपल्यावर माल तिथेच पडून राहिला की लागतं ते डेमरेज. कंटेनर बाहेर नेऊन रिकामा परत करायला उशीर झाला तर लागतं ते डिटेन्शन. कंपनीगणिक हे शब्द थोडे वेगळे वापरले जातात, म्हणून मोफत दिवस किती आणि ते कधीपासून मोजणार, हे लेखी घ्यावं.

पैसे पाठवण्याआधी

विक्रेत्याला विचारा, किंमत कोणत्या ठिकाणापर्यंतची? ब्रोकरला विचारा, एचएस कोड कोणता आणि एकूण भरणा किती? माल आणणाऱ्या एजंटला विचारा, इकडे उतरल्यावरचे सगळे आकार कोणते? तिन्ही उत्तरं लेखी हवीत.

यंत्र अखेर इंदूरला पोचलं, छान चालतंय. परवा बहिणीने पुढच्या यंत्राचं दरपत्रक पाठवलं. खाली तिने स्वतःच लिहिलं होतं, "एफओबी आहे. भाडं, विमा, ड्यूटी आणि इंदूरचा ट्रक वेगळा धरलाय. बरोबर ना?"

अगदी बरोबर.