बंद दिवसाचा हिशेब

थंड देशांत एका रात्रीत बर्फ साचतो आणि सकाळी घराचे दार उघडणे कठीण होते. उल्हास नदीच्या काठी हेच काम पाऊस करतो. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या गावांना पावसाची सवय आहे. तरीही एखादा दिवस असा उगवतो की लोकल थांबते, रस्ता दिसेनासा होतो आणि एरवी सकाळपासून रात्रीपर्यंत पेढीवर असणारा माणूस भर दिवसा घरात बसलेला आढळतो.

असा पाऊस सांगून येत नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तर त्याच मुंबईत कुलाब्याला त्याच्या दहाव्या हिश्शाइतकाही झाला नाही. पुढे २६ जुलै २०१९ च्या रात्री कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर आणि वांगणी यांच्या दरम्यान उल्हासच्या पाण्यात अडकली. सुमारे १,०५० प्रवासी डब्यांत होते. दुसऱ्या दिवशी राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल, नौदल आणि स्थानिक ग्रामस्थ यांच्या प्रयत्नांनी दुपारपर्यंत सर्व जण सुखरूप बाहेर आले. त्या शनिवारी देशाचे लक्ष गाडीकडे होते. नदीकाठच्या वस्त्यांत मात्र घरोघरी आणखी एक दिवस चालला होता, ज्याची बातमी होत नाही.

बदलापूर पश्चिमेला तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या, उल्हासनगरात कापडाचे दुकान असलेल्या एका कुटुंबाची कल्पना करावी. आजोबा, आजी, मुलगा, सून आणि दोन नातवंडे. पहाटे वीज गेली. लिफ्ट बंद, पंप बंद, म्हणून गच्चीवरच्या टाकीत जेवढे पाणी तेवढेच. दूधवाला आला नाही. खाली उभ्या केलेल्या स्कूटरींची केवळ आसने दिसत होती. आजोबांनी पाण्याची वाटणी केली : पिण्याचे निराळे, स्वयंपाकाचे निराळे, पागोळीचे पाणी बादल्यांत धरून भांड्यांना. चातुर्मासात पालेभाजी तशीही घरात येत नाही. डब्यांत मूग, मटकी, पापड आणि खाखरे होते. सूर्यास्तापूर्वी जेवणे आटोपणाऱ्या घराला अंधाराची अडचणही फारशी नव्हती.

अशा दिवशी घरातील पुरुषास प्रथमच एक गोष्ट दिसते. दुकानास सुटी मिळाली, तरी स्वयंपाकघरास मिळत नाही. सहा माणसे दिवसभर घरात, दोन वेळा चहा, मुलांची मधली भूक, त्यात तळमजल्यावरचे शेजारी दप्तरे आणि गादी घेऊन वर आलेले. सुनेचे काम त्या दिवशी दुप्पट झाले. मुलाने बादल्या वर चढवल्या, भांडी घासली, तेव्हा आजी काही बोलली नाही. तिने फक्त त्याच्या हाती दुसरी बादली दिली.

दुसरी गोष्ट अधिक अवघड. व्यापारी माणसाचे शरीर घरात असले तरी मन दुकानात असते. पाणी शटरखालून शिरले असेल का? खालच्या फळीवरचे ताके भिजले असतील का? मोबाइलची बॅटरी संपत आलेली आणि फोन एकच शक्य आहे. तो कोणाला करावा? शेजारच्या दुकानदाराला, मालाची चौकशी करण्यासाठी? की वालधुनीच्या काठी चाळीत राहणाऱ्या आपल्या नोकराला, त्याची मुले कोठे आहेत हे विचारण्यासाठी? त्या क्षणी घराचे वळण कळते. फोन नोकराला व्हावा. माल त्या वेळी फोनने उचलला जाणार नसतो.

याच प्रश्नाचे दुसरे रूप महिनाअखेरीस समोर येते. बंद दिवसाचा पगार द्यावा की कापावा? हिशेब शांतपणे मांडून पाहावा. शनिवारी न विकलेली साडी सोमवारी विकली जाऊ शकते. भिजलेल्या मालाचा विमा असेल, तर काही भरपाई मिळते. नोकराचा कापलेला दिवस मात्र कोठूनही परत येत नाही आणि नेमक्या त्याच आठवड्यात त्याच्या घरात धान्य भिजलेले असते. वर्षातून अशा एक-दोन दिवसांचा पगार दिल्याने पेढी बुडत नाही. जुना, माल ओळखणारा माणूस सोडून गेला, तर नव्याला तयार करण्यास कितीतरी दिवस जातात. दया बाजूला ठेवली तरी वहीचे उत्तर हेच निघते. आणि दया बाजूला ठेवण्याचे कारण नाही.

पुढच्या पावसापूर्वी करण्याजोग्या गोष्टी थोड्या आहेत. दुकानाच्या विम्यात पुराचा समावेश आहे की नाही, हे पॉलिसी उघडून वाचावे. खालची फळी पावसाळ्यात रिकामी ठेवावी. वह्या, बिले आणि संगणक उंचावर असावेत. पाणी शिरलेच, तर माल हलवण्यापूर्वी छायाचित्रे काढून विमा कंपनीस कळवावे आणि तारकाम करणाऱ्याने पाहिल्याखेरीज मुख्य बटण चालू करू नये. सर्व नोकरांचे आणि त्यांच्या घरच्या एकेका माणसाचे फोन क्रमांक कागदावर लिहून घरी ठेवावेत; मोबाइल बंद पडल्यावर कागदच कामाला येतो.

हा कागद घरातील मुलांच्या हस्ताक्षरात असावा. पेढीवर कोण कोण काम करते, ते कोठे राहते, त्यांच्या घरी किती माणसे आहेत, हे नावे लिहिताना मुलांना समजते. उद्या गादीवर बसणाऱ्याला भाव आणि माप यांच्याइतकेच हेही ठाऊक असणे आवश्यक आहे.