लक्ष्मीपूजन आणि योगक्षेम

आज आश्विन अमावास्या. सायंकाळी घरोघरी चौरंगावर लक्ष्मी-कुबेरांची स्थापना होईल, चोपड्यांना आणि नव्या केरसुणीला हळदकुंकू वाहिले जाईल, लाह्या-बत्ताशांचा नैवेद्य दाखविला जाईल. आमच्या वऱ्हाडात हा सण ऐन सुगीत येतो. सोयाबीन बाजार समितीच्या आवारात गेलेले असते, सीतादही आटोपून कपाशीचा पहिला वेचा घरात आलेला असतो. वर्षभराच्या कष्टाचा पैसा हाती येण्याचे हेच दिवस. म्हणूनच आलेली लक्ष्मी स्थिर कशी राहावी, हा विचार आजच्या पूजेचाच एक भाग होय, असे आम्ही मानतो.

पूजेत लक्ष्मीच्या शेजारी कुबेर मांडतात ते उगाच नव्हे. लक्ष्मी देणारी, कुबेर राखणारा. संस्कृतात यासाठी 'योगक्षेम' असा नेटका शब्द आहे. जे मिळालेले नाही ते मिळणे हा योग, आणि जे मिळाले त्याचे रक्षण हे क्षेम. गीतेच्या नवव्या अध्यायात भगवंतांनी अनन्य भक्तांचा योगक्षेम वाहण्याचे आश्वासन दिले आहे, आणि १९५६ साली स्थापन झालेल्या आयुर्विमा महामंडळाने आपले बोधवाक्य त्याच श्लोकातून घेतले आहे. यावर एखादा सश्रद्ध गृहस्थ म्हणेल, भगवंताने भार घेतला असता आम्ही चौकशा कशाला कराव्यात? परंतु तोच गृहस्थ पावसाळ्यापूर्वी शेताला बांध घालतो आणि रात्री दाराला कडी लावतो. त्याने त्याच्या भक्तीला उणेपणा येत नाही. अर्थ हा चार पुरुषार्थांपैकी एक आहे. भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात 'लीलावती'मध्ये व्याजाची गणिते घातली, ती व्यवहाराचे ज्ञान हेही ज्ञानच, हे जाणूनच.

या अज्ञानाची किंमत काय पडते, हे वऱ्हाडाने पूर्वीच पाहिले आहे. १९६० साली अकोल्याची लक्ष्मी बँक बुडाली. तिच्या मागोमाग, त्याच वर्षी, केरळातील पलई सेंट्रल बँक कोसळली. ज्या पेढीचे नावच लक्ष्मी, तिच्यात ठेवलेली लक्ष्मी नाहीशी व्हावी, हा केवढा दैवदुर्विलास! परंतु या आघातांतून एक चांगली गोष्ट निपजली. १९६१ साली संसदेने ठेवींच्या विम्याचा कायदा केला आणि १ जानेवारी १९६२ पासून तो अमलात आला. त्या वेळी दर ठेवीदारामागे १,५०० रुपयांपर्यंतची ठेव सुरक्षित झाली. फेब्रुवारी २०२० मध्ये ही मर्यादा पाच लाखांवर गेली. विम्याचा हप्ता बँकेने भरावयाचा असतो, ठेवीदाराने नव्हे. अकोल्याच्या ठेवीदारांचे अश्रू असे साऱ्या देशाच्या कामी आले. मात्र ज्या भूमीतून हे संरक्षण उगवले, तेथील किती घरांना त्याचे नियम ठाऊक आहेत?

पाच लाखांची ही मर्यादा मुद्दल आणि व्याज मिळून आहे, आणि ती एका बँकेपुरती आहे, शाखेपुरती नव्हे. कोणी एकाच बँकेच्या अकोला शाखेत चार लाख आणि अमरावती शाखेत चार लाख स्वतःच्या नावे ठेवले, तर त्याचे आठ लाख एकत्र मोजले जातात आणि विमा पाच लाखांचाच मिळतो. सहकारी बँका १९६८ च्या दुरुस्तीने या छत्राखाली आल्या; सहकारी पतसंस्था मात्र त्याखाली येत नाहीत. पतसंस्थांनी खेड्यापाड्यांत अडल्यानडल्यांना हात दिला आहे, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु मुलीच्या लग्नाची पुंजी तेथे ठेवताना तिला हा विमा नाही, हे जाणूनच ठेवावी. संचालक आपल्या आळीचे आहेत, देवळात भेटतात, एवढ्याने ठेवीची हमी होत नाही.

दुसरी गोष्ट व्याजाची. बहात्तरला व्याजाच्या दराने भागावे. जितके उत्तर येईल, साधारण तितक्या वर्षांत चक्रवाढीने रक्कम दुप्पट होते. सहा टक्क्यांनी बारा वर्षे, आठ टक्क्यांनी नऊ वर्षे. आता कोणी तीन वर्षांत दामदुप्पट देतो म्हणाला, तर तो वर्षाला चोवीस टक्के कबूल करीत आहे. एवढे तो कोठून कमावणार, हा प्रश्न घरातील शाळकरी पोरानेही विचारावा.

तिसरी गोष्ट विम्याची. गावच्या भंडाऱ्याला प्रत्येक घर शेरभर धान्य देते आणि भुकेला जेवून जातो. विम्याचे तत्त्व याहून निराळे नाही. अनेकांनी थोडे थोडे द्यावे आणि ज्याच्यावर संकट येईल त्याला सावरावे. हप्ता परत मिळाला नाही म्हणजे तो वाया गेला, हा समज चुकीचा आहे. रात्री चोर आला नाही म्हणून राखणदाराची मजुरी आपण वाया गेली म्हणतो काय? मिळवत्याच्या मागे घर उघडे पडू नये, हा आयुर्विम्याचा मूळ हेतू. बँकेत खाते असेल तर वर्षाला ४३६ रुपयांत दोन लाखांचा जीवनविमा आणि २० रुपयांत दोन लाखांचा अपघातविमा मिळतो. या योजना २०१५ पासून आहेत. पहिलीत १८ ते ५० आणि दुसरीत १८ ते ७० वयापर्यंत प्रवेश आहे.

पीकविम्यातही नियम वाचल्यावाचून गत्यंतर नाही. २०२३ मध्ये राज्यात सुरू झालेला एक रुपयाचा विमा २०२५ च्या खरिपापासून बंद झाला. आता सोयाबीन, तूर यांसारख्या खरीप पिकांसाठी विमा रकमेच्या दोन टक्क्यांपर्यंत आणि कपाशीसाठी पाच टक्क्यांपर्यंत हिस्सा शेतकऱ्याला भरावा लागतो. त्याच खरिपापासून भरपाई पीक कापणी प्रयोगांवर, म्हणजे आपल्या भागाच्या सरासरी उत्पन्नावर ठरू लागली. एकट्याचेच शेत बुडाले तर हाती काही येईलच असे नाही. हे आधी कळले, तर माणूस केवळ विम्यावर विसंबणार नाही. दिवाळीच्या पैशातून चार दाणे बाजूला ठेवील.

म्हणून आमची विनंती एवढीच, की आज चोपड्यांबरोबर ठेवींच्या पावत्या आणि विम्याची कागदपत्रेही चौरंगावर मांडावीत. ती पुन्हा कपाटात ठेवण्यापूर्वी घरच्या गृहिणीने, लेकीसुनांनी आणि मुलांनी एकदा वाचावीत. पैसा कोठे आहे, त्यावर विमा आहे की नाही, वारसदार म्हणून कोणाचे नाव लावले आहे, हे घरातील एकाच माणसाला ठाऊक असणे, हा त्या घराला मोठाच धोका आहे. केरसुणीने आज अलक्ष्मी बाहेर काढावयाची असते. तिच्याबरोबर हे अज्ञानही झाडून टाकावे.

अंबादेवी आणि राजराजेश्वर यांच्या कृपेने आमच्या वाचकांच्या घरी योगही घडो आणि क्षेमही नांदो.