कर्करोग उपचार केंद्रे : नकाशा मंजूर होण्यापूर्वी

केंद्र सरकारच्या २०२५-२६ च्या अंदाजपत्रकात देशातील सर्व जिल्हा रुग्णालयांमध्ये तीन वर्षांच्या आत कर्करोगावरील दिवसभराच्या उपचारांची केंद्रे उघडण्याची, आणि त्यांपैकी २०० केंद्रे पहिल्याच वर्षी सुरू करण्याची घोषणा झाली. त्याच वर्षी महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळानेही राज्यातील १८ रुग्णालयांची त्रिस्तरीय साखळी उभारण्यास मान्यता दिली. कर्करोगाचा उपचार मुंबई-पुण्याबाहेर नेण्याचे हे धोरण स्वागतार्हच आहे. आता यंत्रे किती, तज्ज्ञ कोठून आणावयाचे, औषधांचा पुरवठा कसा राहील, याची चर्चा होईल आणि ती व्हावयासच हवी. परंतु ज्या इमारतीत रुग्णाला हे उपचार घ्यावयाचे आहेत ती कशी असावी, हा प्रश्न या चर्चेत क्वचितच डोकावतो. तो बांधकाम खात्याचा विषय समजून सोडून दिला जातो. वस्तुतः तो उपचाराचाच एक भाग आहे.

आपल्याकडे रुग्णालयाची मोजदाद खाटांवर होते. मात्र कर्करोगाचा बहुसंख्य रुग्ण आज खाटेवर नसतो, बाकावर असतो. रासायनिक औषधोपचार पुष्कळदा दर दोन-तीन आठवड्यांनी शिरेवाटे दिला जातो आणि रुग्ण त्याच दिवशी घरी परततो. किरणोपचार तर आठवड्यातून पाच दिवस, असे कित्येक आठवडे चालतात. प्रत्यक्ष किरण काही मिनिटांचे, बाकी सारे थांबणे. म्हणजे या आजाराचे महिनेच्या महिने रुग्ण प्रतीक्षागृहात, बोळात, औषधाच्या खिडकीपुढे आणि खुर्चीत सलाईन लावून घालवतो. जुन्या रुग्णालयांच्या नकाशात या जागांना उरलेल्या जागा म्हणूनच स्थान मिळाले.

बारामती आणि इंदापूर या तालुक्यांच्या बाबतीत हा प्रश्न नेमका काय आहे, हे पाहावयाचे तर इंदापूर तालुक्याच्या पूर्व टोकाला, बावड्याच्या बाजूला राहणाऱ्या एखाद्या शेतमजूर स्त्रीचा एक दिवस डोळ्यांपुढे आणावा. स्तनाच्या कर्करोगासाठी तिला पुण्यास जावयाचे आहे. अंतर दीडशे किलोमीटरच्या आसपास. पहाटेच्या अंधारात घर सोडावे तेव्हा कोठे सकाळी रुग्णालयाच्या दारात पोहोचता येते. प्रथम रक्ततपासणी, कारण पांढऱ्या पेशी पुरेशा असल्याखेरीज औषध देता येत नाही. अहवाल येईपर्यंत थांबणे, मग डॉक्टरांची भेट, मग औषध मिसळून तयार होईपर्यंत थांबणे, आणि त्यानंतर काही तासांचे सलाईन. संध्याकाळी मळमळत्या पोटाने पुन्हा एस. टी.चा प्रवास. अशा आठ फेऱ्या झाल्या, तर रुग्ण आणि सोबतचा माणूस मिळून सोळा दिवसांची मजुरी बुडते. यात तपासण्यांच्या फेऱ्या आणि औषधानंतरचे अशक्तपणाचे दिवस धरलेलेच नाहीत. महिलांना २०२३ पासून एस. टी.च्या तिकिटात निम्मी सवलत मिळते. वेळेत मिळत नाही. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून औषधाचा खर्च भागू शकतो. बुडालेल्या रोजाचा भागत नाही.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने पाहता हा खर्च खराच आहे, फक्त तो सरकारच्या वहीत न लिहिता रुग्णाच्या घरात लिहिला जातो. त्याचा परिणाम मात्र सरकारच्या वहीवरही होतो. उपचार मध्येच सोडून देणारा रुग्ण हा केवळ त्या कुटुंबाचा पराभव नसतो. आठांपैकी तीन मात्रा घेऊन जो थांबला, त्याच्या त्या तीन मात्रांवर झालेला सार्वजनिक खर्चही बव्हंशी निष्फळ ठरतो. रुग्ण उपचार का सोडतो? पैसा, अंतर, भीती आणि औषधाचा त्रास ही कारणे सर्वश्रुत आहेत. पण ज्या जागेत गेल्यावर जीव गुदमरतो त्या जागी पुन्हा जाण्याचे टाळणे, हा मनुष्यस्वभाव आहे. पहिल्या मात्रेला ज्या बोळात ओकारी झाली, त्या बोळाच्या नुसत्या वासाने पुढच्या वेळी औषध सुरू होण्याआधीच मळमळू लागते, हे कर्करोग विभागातील प्रत्येक परिचारिकेला ठाऊक असते.

इमारतीचा रुग्णावर परिणाम होतो याला थोडाफार शास्त्रीय आधारही आहे. अमेरिकेतील रॉजर उलरिच यांनी १९८४ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात एक निबंध प्रसिद्ध केला. पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या ४६ रुग्णांपैकी निम्म्यांच्या खिडकीतून झाडे दिसत होती आणि निम्म्यांच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडे दिसणारे रुग्ण सरासरीने सुमारे पाऊण दिवस लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामकेही कमी लागली. हा अभ्यास लहान होता, एकाच रुग्णालयातला होता आणि कर्करोगाचा नव्हता. त्यावरून झाडाच्या सावलीने गाठ विरघळते असे कोणी म्हणू लागेल तर ती फसवणूकच होय. परंतु वेदना, भीती आणि थकवा यांवर परिसराचा परिणाम होतो एवढे मान्य करण्यास तो पुरेसा आहे. ब्रिटनमध्ये मॅगी केसविक जेन्क्स या कर्करोगग्रस्त लेखिकेला रोग उलटल्याची वार्ता ऐकल्यानंतर खिडकी नसलेल्या बोळात बसावे लागले होते. त्या अनुभवातून तिने रुग्णांसाठी घरासारख्या वास्तूची कल्पना मांडली. १९९५ साली तिचे निधन झाले आणि पुढच्याच वर्षी एडिंबरा येथे एका जुन्या तबेल्याचे रूपांतर करून पहिले मॅगी केंद्र उघडले. त्याच्या मध्यभागी जेवणघरातले टेबल आणि चहाची किटली आहे. तेथे औषध दिले जात नाही. ते शेजारच्या रुग्णालयात मिळते. माणसाला माणसासारखे बसता येईल, एवढीच त्या वास्तूची प्रतिज्ञा आहे.

ही कल्पना महाराष्ट्राला परकी आहे असे मात्र समजण्याचे कारण नाही. क्षयावर परिणामकारक औषध नव्हते त्या काळात मिरज आणि पाचगणी येथे आरोग्यधामे उभी राहिली. स्वच्छ हवा, ऊन आणि विश्रांती हाच तेव्हाचा उपचार असल्याने लांब ओसरी आणि मोठी खिडकी यांना तेथे औषधाचे मोल होते. पुढे औषधे आली आणि ओसरी गेली. कर्करोगाच्या बाबतीत परळच्या टाटा स्मारक रुग्णालयाने १९४१ पासून जे कार्य केले त्याला देशात तोड नाही; पण त्याच परळच्या पदपथांवर देशभरातून आलेल्या रुग्णांचे संसारही थाटले गेले. ती उणीव जाणून दादरच्या संत गाडगे महाराज धर्मशाळेने रुग्ण आणि नातेवाईक यांना छप्पर दिले. धर्मशाळा हा उपचाराचाच विस्तार आहे, हे गाडगेबाबांच्या परंपरेने इंग्रजी ग्रंथ न वाचता ओळखले होते.

कर्करोगाचे मोठे काम तालुक्याच्या गावी होऊ शकत नाही, हा समजही बार्शीने खोटा ठरविला आहे. नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयाच्या आधाराने तेथे १९८७ साली ग्रामीण भागातील देशाची पहिली कर्करोग नोंदणी सुरू झाली. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातील सव्वा लाखाहून अधिक स्त्रियांचा जो अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला, त्याने गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू विषाणूच्या एकाच चाचणीने सुमारे निम्म्यावर आणता येतात, असे जगाला दाखविले. बारामतीला तर २०१९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तेथे किंवा तशा ठिकाणी उद्या असे केंद्र उभे राहावयाचे झाले, तर त्याचा नकाशा कसा असावा?

पहिली गोष्ट म्हणजे त्याचे दार सर्वसाधारण बाह्यरुग्ण विभागापासून वेगळे असावे. औषधाने ज्याची प्रतिकारशक्ती खालावली आहे, त्याला तापखोकल्याच्या रांगेतून नेणे हा धोका आहे. केंद्र तळमजल्यावर असावे. औषध घेण्याच्या खुर्च्या उत्तरेकडे तोंड करून असाव्यात. खिडकीची कड एवढी खाली असावी की, मागे रेललेल्या माणसाला आढ्याऐवजी बाहेरचा कडुनिंब दिसावा. उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडणाऱ्या या अवर्षणप्रवण मुलखात काचेचे दर्शनी भाग म्हणजे भट्टीच. येथे जाड भिंत, खोल ओसरी आणि पश्चिमेकडे झाडे हवीत. सलाईनमुळे वारंवार लघवीस जावे लागते, तेव्हा संडास खुर्चीपासून चार पावलांवर, हाताला धरावयास दांडी असलेले आणि सलाईनची काठी आत नेता येईल एवढे रुंद असावेत. किरणोपचाराचे यंत्र जाड काँक्रीटच्या भिंतीआड ठेवावेच लागते. परंतु त्याच्या बाहेरची प्रतीक्षेची जागाही अंधारी असावी, असा कोणताही नियम नाही.

दुसरी गोष्ट सोबतच्या माणसाची. प्रत्येक खुर्चीशेजारी त्याला बसावयास जागा हवी. तंबाखूने तोंडाचा कर्करोग झालेल्या माणसाला भाकरी चावत नाही. त्याची पेज कोमट करण्यापुरती चूल आणि चारचौघांसमोर न जेवता आडोशाला बसण्याची सोय हवी. आणि वाईट वार्ता सांगण्यासाठी दार लावता येईल अशी एक खोली हवी. त्या खोलीला बाहेर पडण्याचे दुसरे दार असावे, म्हणजे रडलेल्या चेहऱ्याने भरल्या प्रतीक्षागृहातून जाण्याची वेळ कोणावर येणार नाही.

तिसरी गोष्ट अशी की, उत्तम प्रतीक्षागृहापेक्षा प्रतीक्षाच न करावी लागणे केव्हाही चांगले. रक्ततपासणी आदल्या दिवशी इंदापूरच्या उपजिल्हा रुग्णालयात झाली आणि अहवाल दूरध्वनीने बारामतीस कळला, तर रुग्णाचा अर्धा दिवस वाचतो आणि पेशी कमी असल्यास फुकटची खेपही टळते. केंद्राची वेळ एस. टी.च्या वेळापत्रकाशी जुळविण्यास तर एक पैसाही लागत नाही.

यावर आक्षेप ठरलेला आहे : जेथे तज्ज्ञ डॉक्टर नाहीत तेथे झाडांच्या गोष्टी कशाला? आक्षेपातील पहिला भाग खरा आहे. प्रशिक्षित डॉक्टर, परिचारिका आणि औषध नसेल, तर सुंदर इमारत ही सुंदर विश्रामगृहच ठरेल. पण दुसरा भाग खरा नाही. डॉक्टर आणि झाड यांत निवड करावयाची नसतेच. खिडकी कोणत्या भिंतीला असावी, हे कागदावर ठरविताना फारसा खर्च येत नाही. इमारत उभी राहिल्यावर ती फोडावयाची तर येतो. यंत्र दहा-पंधरा वर्षांत बदलते, भिंत पन्नास वर्षे राहते. म्हणून चूक होऊ द्यावयाची नसेल तर वेळ आताचीच आहे. निविदा कमीत कमी दराची असण्यास हरकत नाही. परंतु नकाशावर सही होण्यापूर्वी तो कर्करोग विभागातील एका परिचारिकेने, उपचार पूर्ण केलेल्या दोन रुग्णांनी आणि सोबतीला गेलेल्या एका नातेवाईकाने पाहिलेला असावा, एवढी अट त्यात घालावी.

दर आषाढात संत तुकाराम महाराजांची पालखी बारामती आणि इंदापूर तालुक्यांतून जाते. त्या दिवसांत या गावांना पाणी कोठे ठेवावे, सावली कोठे करावी, थकलेल्या पायांना टेकावयास जागा कोठे द्यावी, हे कोणत्याही तज्ज्ञाने शिकवावे लागत नाही. लाखोंची सोय दोन दिवसांत लावणाऱ्या या मुलखाला वर्षभर रोज येणाऱ्या काही रुग्णांची सोय लावता येणार नाही, असे म्हणवत नाही. कर्करोगाचा रुग्णही वाटसरूच आहे. त्याची वाट मात्र लांबची आहे आणि ती त्याने निवडलेली नाही. सगळेच मुक्कामी पोहोचतील, असे आश्वासन कोणतीही इमारत देऊ शकत नाही. वाटेत त्यांना उन्हात उभे ठेवले जाणार नाही, एवढे आश्वासन मात्र देता येते, आणि ते नकाशा मंजूर होण्यापूर्वीच द्यावयास हवे.