पाप एकाचे, फेड दुसऱ्याची!

जुन्नर व आंबेगाव तालुक्यांतील आमच्या शेतकरी व कारागीर बंधूंस आमचा रोकडा सवाल आहे. गुन्हा एकाने करावा व फाशी दुसऱ्याने जावे, यास न्याय म्हणावे काय? ख्रिस्ती पाद्री म्हणतात, म्हणावे. मनुष्यमात्र पापी, त्याने कितीही सत्कृत्ये केली तरी देवाच्या न्यायासनापुढे ती अपुरीच पडतात, सबब निष्पाप ख्रिस्ताने वधस्तंभावर सर्वांची शिक्षा स्वतः भोगली, व त्यावर जो विश्वास ठेवील तो फुकट तरेल, असा त्यांचा सिद्धांत आहे. एकोणिसाव्या शतकात चर्च मिशनरी सोसायटीच्या पाद्र्यांनी जुन्नरास ठाणे घालून हाच उपदेश केला.

या मतात एक गोष्ट खरी आहे व ती कबूल न करणे आम्हांस शोभणार नाही. पुण्य विकत मिळत नाही, हे पाद्री उघड बोलले. तसे असेल तर भटजीच्या दुकानाचे दिवाळेच वाजले! बाप मेला की दहाव्याला नदीकाठी पिंड, मग गोप्रदान, शय्यादान, छत्री, जोडा. आणि हे सारे पोचते कोठे, तर भटजीच्या घरी. कुणब्याच्या घरी उरते ते उसनवारीचे देणे. 1884 साली ओतूरच्या बाळाजी कुसाजी पाटलांनी भटाविना लग्न लावले, तेव्हा जोशीबुवांनी दक्षिणेसाठी कोर्टाची पायरी चढली. मंत्र म्हटला नाही, अक्षता टाकली नाही, तरी हक्क बुडाला म्हणे! पाद्र्याने निदान मेलेल्याच्या नावाने गाय मागितली नाही.

आणि बळीच्या गोष्टीला हसण्यापूर्वी आपल्या घरात डोकवावे. पोर तापाने फणफणले की म्हसोबाला बोकड बोलणारे आम्हीच. पीडा पोराची, मान बोकडाची! पाद्री एकच बळी सांगतो, तोही होऊन गेलेला. आम्ही दर जत्रेला नवा शोधतो.

परंतु येथून पुढे पाद्रीबोवांचे गाडे अडते. ते कर्जाचा दाखला देतात: कूळ फेडू शकत नाही, तर जामिनाने फेडले. जामीन म्हणजे काय हे कुणब्यास शिकवायला नको. पण पैसा कोणाच्याही हातचा पैसाच, दोष मात्र ज्याचा त्याचा. खुन्यास सोडून त्याच्या निरपराध भावास तुरुंगात घालणारा न्यायाधीश आम्ही एक दिवस खपवून घेणार नाही. ख्रिस्त आपखुशीने गेला, असे उत्तर येते. गेला असेल, परक्यांसाठी जीव देणारास आमचाही रामराम. पण देणाराचे औदार्य निराळे व घेणाराचा न्याय निराळा. आणि देवास माफच करावयाचे होते, तर रक्तावाचून त्याचे अडले होते काय?

आमचा मोठा आक्षेप याहून वेगळा आहे. पाप झाले ते कोणाचे नुकसान करून? समजा, सावकाराने खोट्या खतावर कुणब्याची जमीन गिळली. 1875 च्या मे महिन्यात सुप्याच्या शेतकऱ्यांनी सावकारांची खते जाळली ती याच संतापाने. आता तो सावकार काशीस जाऊन गंगेत बुडी मारो, की ख्रिस्तावर विश्वास ठेवून बाप्तिस्मा घेवो; जमीन कोणाच्या नावावर राहिली? ज्याचे शेत गेले त्याला न विचारता देवाने परस्पर माफी देऊन टाकायची, हा कोठला न्याय!

गंमत अशी की खरे उत्तर पाद्र्यांच्याच पुस्तकात आहे. जक्कय नावाचा श्रीमंत जकातदार ख्रिस्ताचे आपल्या घरी आनंदाने स्वागत करतो व म्हणतो, लबाडीने घेतले असेल ते चौपट परत करतो. तेव्हा ख्रिस्त म्हणतो की आज या घरात तारण आले. पाद्री सांगतात, परतफेड ही तारणाची किंमत नव्हे, विश्वासाचे फळ आहे. फळ म्हणा की किंमत म्हणा, शेतकऱ्यास शेत मिळाल्याशी कारण. कृतीवाचून विश्वास मेलेला, असे याकोबाचे पत्रही त्याच ग्रंथात आहे. मग उपदेशात वधस्तंभ पहिला व चौपट शेवटी का?

जोतीराव फुले स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले, मिशनऱ्यांचे उपकार त्यांनी मानले. पण बाप्तिस्मा घेतला नाही. 24 सप्टेंबर 1873 रोजी त्यांनी सत्यशोधक समाज काढला तो निर्मीक व मनुष्य यांमध्ये दलाल नको म्हणून. दलाल जानव्याचा असो की झग्याचा.

जुन्नरच्या डोंगरातील लेण्यांत सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा एक लेख आहे. धान्य विकणाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे व पाण्याचे टाके दान दिले, असे त्यात कोरले आहे. त्या दाणेवाल्यांना मोक्ष मिळाला की नाही, भटजी जाणोत व पाद्री जाणोत. टाक्याने तहानलेल्याची जात किंवा श्रद्धा विचारली नसेल, एवढे आम्ही जाणतो.

पाद्रीबोवांनी जक्कयाच्या प्रश्नास उत्तर धाडावे; ते आम्ही जसेच्या तसे छापू. दहाव्याच्या गाईचा हिशेब भटजींनी धाडला तर त्यांसही जागा मोकळी आहे. मात्र मजकूर कुणब्याला समजेल अशा मराठीत असावा.