घाण्याच्या बैलाला झापडं का बांधतात?

ताण कमी करण्याचे उपाय आता सगळ्यांना पाठ आहेत. उठल्या उठल्या फोन बघू नका. चार आकडे मोजत श्वास घ्या, चार आकडे मोजत सोडा. जेवताना फक्त जेवा. झोपण्याआधी दिवसातल्या तीन चांगल्या गोष्टी वहीत लिहा. यातला एकही उपाय खोटा नाही. मी त्यातले बरेचसे करतो, आणि श्वास लांबवला की छातीतली धडधड उतरते हा माझा रोजचा अनुभव आहे. तरीही या उपायांशी माझं भांडण आहे. म्हणजे उपायांशी नाही, ते आपल्या हातात कोण देतंय आणि कशाच्या बदल्यात देतंय, त्याच्याशी.

मी सुदुंबऱ्यात राहतो. संत संताजी महाराज जगनाडे यांची समाधी इथे आहे. मूळचे चाकणचे, तुकोबांचे टाळकरी, त्यांचे अभंग लिहून ठेवणारे. त्यांच्या घरचा धंदा तेलाच्या घाण्याचा. लाकडी घाण्याला जुंपलेला बैल दिवसभर एकाच वर्तुळात फिरतो आणि त्याच्या डोळ्यांना झापडं बांधलेली असतात. डोळे उघडे राहिले तर तो बिचकतो, थांबतो. झापडं लावली की शांत चालतो. बैलाला त्याने बरं वाटतही असेल. पण तेल कोणाचं निघतं, ते विसरायचं नाही.

आमच्या कंपनीने गेल्या वर्षी सगळ्यांना ध्यानाच्या ॲपचं सभासदत्व दिलं. महिन्याअखेरीस मेल येतो: कोणत्या टीमने किती मिनिटं ध्यान केलं. त्याच काळात आमच्या टीममधल्या दोघांनी नोकरी सोडली आणि त्यांच्या जागा भरल्याच नाहीत. सहा जणांचं काम चौघांवर आलं. रोजचा शेवटचा कॉल रात्री साडेनऊला, कारण तेव्हा अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर दुपारचे बारा वाजलेले असतात. हिवाळ्यात तिकडचं घड्याळ तासभर मागे जातं आणि आमचा कॉल साडेदहावर सरकतो. आमच्यासाठी तिकडचं काहीच सरकत नाही. ध्यानाच्या मिनिटांत मात्र आमची टीम दुसरी आली.

ध्यान, प्राणायाम यांची चेष्टा करायची मला हौस नाही. लोणावळा आमच्या मावळातच आहे. तिथे 1924 मध्ये स्वामी कुवलयानंदांनी कैवल्यधाम सुरू केलं आणि योग प्रयोगशाळेत नेऊन तपासला. पुढे 1979 मध्ये अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात जॉन कबाट-झिन यांनी ताण कमी करण्याचं केंद्र काढलं. आज ज्याला आपण माइंडफुलनेस म्हणतो, त्याचा दवाखान्यातला प्रवास तिथून सुरू झाला. तिथे येणाऱ्यांत जुनाट दुखण्याचे रुग्ण होते. औषधांनी जे जात नव्हतं, त्याच्यासोबत जगायला त्यांना शिकवायचं होतं. नीट बघा, हा न जाणाऱ्या दुखण्यावरचा उपाय आहे. रात्री साडेदहाचा कॉल हे न जाणारं दुखणं नाही. तो कॅलेंडरमध्ये कोणीतरी टाकलेला असतो. ज्याने टाकला, त्याला तो काढताही येतो.

'अर्जंट आहे' असं सांगतात. अर्जंट म्हणजे काय हे आमच्या गावाला चांगलं कळतं. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची पाचवी बटालियन सुदुंबऱ्यातच आहे. 2023 च्या जुलैमध्ये इरशाळवाडीवर दरड कोसळली, तेव्हा या दलाचे जवान पावसात डोंगर चढून गेले. त्याला आणीबाणी म्हणतात. एका स्क्रीनवरचं बटण डावीकडे सरकलं, तर ते सकाळी दहाला उजवीकडे नेता येतं.

ही फक्त आमच्या टीमची रडकथा असती तर लिहिलं नसतं. 2024 मध्ये पुण्यात नोकरीला लागून चारच महिने झालेली 26 वर्षांची एक सीए तरुणी गेली. कामाच्या ओझ्याबद्दल तिच्या आईने कंपनीच्या प्रमुखांना लिहिलेलं पत्र देशभर वाचलं गेलं. त्यानंतर केंद्रीय अर्थमंत्री निर्मला सीतारामन एका भाषणात, ताण पेलण्याचं बळ घरातून आणि देवावरच्या श्रद्धेतून मिळायला हवं, अशा अर्थाचं बोलल्या. टीका झाल्यावर, त्या मुलीला दोष द्यायचा हेतू नव्हता, असं स्पष्टीकरणही त्यांनी दिलं. ते मान्य करू. पण प्रश्न कामाच्या तासांचा असताना उत्तर मनाच्या बळाचं येतं, ही सवय एकट्या मंत्र्यांची नाही. आपल्या एचआरची आहे, आपल्या घरच्यांची आहे, रात्री रील बघणाऱ्या आपलीही आहे.

यावर गावात हमखास ऐकू येणारा टोला असा: "एसीत बसून कसला रे ताण? शेतात येऊन बघ." मी शेतकऱ्याच्या घरातला आहे, म्हणून या टोल्याला शेतातलंच उत्तर देतो. मोटारीला वीज रात्री यायची म्हणून शेतकरी थंडीत, सापाकिरड्यात पाणी द्यायला जायचा. त्याने काय मागितलं? दिवसा वीज द्या. मोर्चे काढले, निवेदनं दिली. शेवटी सरकारला 2017 मध्ये दिवसा विजेसाठी मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आणावी लागली. ती सगळीकडे पोचली असं नाही, पण मागणी बरोबर ठिकाणी केली गेली. 'बांधावर उभा राहून श्वासाकडे लक्ष दे' असं त्याला कोणी सांगितलं असतं, तर सांगणाऱ्याला त्याच बांधावरून पळावं लागलं असतं.

राहिले तुकोबा. ताणाचा विषय निघाला की कोणीतरी त्यांना पुढे करतंच: बघा, सगळं सोडून डोंगरावर जाऊन बसले. भंडारा आमच्या जवळच आहे, भामचंद्रही लांब नाही. पण ती गोष्ट पुरती सांगा ना. परंपरा सांगते, की तुकोबा भामचंद्रावरून उतरले आणि त्यांनी घराण्याच्या सावकारीची कागदपत्रं काढली. निम्मी धाकटा भाऊ कान्होबाला दिली आणि आपल्या वाट्याची इंद्रायणीत बुडवली. म्हणजे ध्यानाचा परिणाम वहीखात्यावर झाला. आणि खतं बुडवली ती येणेकऱ्याने, देणेकऱ्याने नव्हे! कर्जात बुडालेल्या कुळाला 'तू मन शांत ठेव' असा निरोप पाठवून त्यांनी वसुली चालू ठेवली नाही. आज आमच्या वेळेची वही ज्यांच्या हातात आहे, ते आम्हाला डोंगरावर पाठवतात आणि वही मात्र कपाटात ठेवतात.

ही वही कोणाच्या मनाच्या मोठेपणावर सोडायचीही गरज नाही. त्यासाठी कायदा असतो. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्याने दिवसाला 9 आणि आठवड्याला 48 तासांची मर्यादा घातली, जादा कामाला दुप्पट मजुरी ठरवली. त्यात अपवाद आहेत, पळवाटा आहेत. 2025 च्या सप्टेंबरमध्ये राज्य मंत्रिमंडळाने रोजची मर्यादा 10 तासांवर न्यायला मंजुरी दिली. त्या आठवड्यात आमच्या ग्रुपवर श्वासाचे तीन व्हिडिओ आले, या बातमीबद्दल एक ओळ आली नाही. कामाची वेळ संपल्यावर फोन न उचलण्याचा हक्क फ्रान्समध्ये 2017 पासून आहे, ऑस्ट्रेलियात 2024 पासून. आपल्याकडे खासदार सुप्रिया सुळे यांनी 2018 मध्ये तसं खासगी विधेयक लोकसभेत मांडलं होतं. त्याचा कायदा झाला नाही. तुमच्यापैकी किती जणांनी त्याचं नाव ऐकलंय?

म्हणून रोजच्या सवयींच्या यादीत मी माझ्या चार घालतो. काम सुरू केल्याची आणि संपवल्याची वेळ रोज लिहा. तीन चांगल्या गोष्टींच्या त्याच वहीत लिहा, हरकत नाही. रात्रीचा कॉल कोणी टाकला, त्याला लेखी विचारा. एकट्याने विचारू नका, टीमने मिळून विचारा. नव्या नोकरीच्या मुलाखतीत पगाराआधी ऑन-कॉलचं विचारा.

आमच्या चौघांनी असा एक मेल लिहिला. रात्रीची पाळी आठवड्याला एकाकडे आणि त्याबदल्यात एक दिवस सुट्टी, एवढंच मागितलं. तीन आठवडे उत्तर आलं नाही. मग पाळी मिळाली, सुट्टी अजून मिळालेली नाही. पण महिन्यातल्या तीन आठवड्यांत माझा फोन रात्री आठला बंद होतो आणि मी घरच्यांसोबत गरम भाकरी खातो. जेवताना फक्त जेवतो, आणि त्यासाठी ॲप लागत नाही. सुट्टीसाठीचा दुसरा मेल लिहून तयार आहे, सोमवारी जाईल.