राखाडी रंगाचा राग

डेन्मार्कच्या लेगो कंपनीने २००४च्या सुमारास राखाडी ठोकळ्यांची छटा बदलली. जुनी किंचित पिवळसर, नवी निळसर. मुलांना त्याचे काही वाटले नाही. मोठ्या वयाचे शौकीन मात्र खवळले. वर्षानुवर्षे जमवलेल्या ठोकळ्यांच्या किल्ल्यात नवा ठोकळा बसवला, की भिंतीला ठिगळ दिसे.

हा राग रास्तच होता.

रंगाआधी खेळही बदलू लागला होता. १९९९मध्ये ‘स्टार वॉर्स’चे संच आले, पाठोपाठ इतर चित्रपटांचेही. १९७८पासूनचे किल्ले नि अंतराळयाने हळूहळू मागे पडली. चित्रपटातले यान देखणे असते, पण त्याची गोष्ट आधीच ठरलेली. जुन्या किल्ल्याचा राजा कोण, हे खेळणाऱ्यानेच ठरवायचे!

२०२२मध्ये ४,५१४ तुकड्यांचा भव्य किल्ला आला, तोही प्रौढांसाठी. मुलांसाठी परवडणाऱ्या किल्ल्यांची मालिका पुन्हा सुरू व्हावी, हे जुन्या शौकिनांचे मागणे कंपनीने मनावर घ्यावे.