मागे राहिलेला उंदीर

मराठी घरात उंदीर म्हटला की पिंजरा आठवतो, पण तो त्याला पकडण्याचा. आता त्याच शब्दाने त्याच्या राहत्या घराचाही बोध व्हावा, ही भाषेची गंमतच म्हणायची! पांढरे उंदीर हौसेने पाळणारी मुले शहरांतून आढळतात, आणि ते जोडीने पाळावेत हे जाणत्यांचे सांगणेही पुष्कळजण मानतात. परंतु या प्राण्याचे आयुष्य अवघे दोन-तीन वर्षांचे. जोडीतला एक आधी जाणार, दुसरा मागे उरणार, हा प्रसंग अशा घरी लवकरच येतो.

उंदीर माणसासारखा शोक करतो काय, हे छातीठोकपणे सांगता येणार नाही. तो सोबतीने राहणारा जीव आहे, एवढे मात्र निश्चित. उंदीर एकमेकांना बिलगून झोपतात, एकमेकांचे अंग चाटून स्वच्छ करतात. शिकागो विद्यापीठातील संशोधकांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, नळीत कोंडलेल्या सोबत्याचे दार उघडण्याची युक्ती मोकळ्या उंदरांना आपण होऊन साधली. शेजारी चॉकलेट ठेवले तरी सोबत्याचा त्यांना विसर पडला नाही. अशा जिवाचा शेजार रिता झाला, की तो अंग आखडून बसतो, खाणे कमी करतो.

येथे एक सावधगिरी हवी. डोळ्यांभोवती वा नाकाशी लाल द्रव दिसल्यास ते बहुधा रक्त नसते. ताण किंवा आजार असता डोळ्यामागील ग्रंथीतून तो स्रवतो. परंतु शिंका व घरघर असेल, तर शोक समजून स्वस्थ बसू नये. उंदरांत श्वसनाचे विकार फार. एक ज्याने दगावला, तोच संसर्ग दुसऱ्यालाही असू शकतो. पशुवैद्यांना तत्काळ दाखवावे. दिवसभर अन्नाला तोंड न लावणेही इतक्या लहान देहाला परवडत नाही.

आजाराची शंका नसेल, तर पिंजरा घाईने धुऊन काढू नये. जोडीदाराच्या वासाची एखादी चिंधी काही दिवस राहू द्यावी. मऊ भात, उकडलेले अंडे हाताने भरवावे. हे काम मुलांकडे सोपवावे, कारण दुःख त्यांनाही झालेले असते. तथापि रात्रभर त्याच्या कुशीला निजणे कोणाही माणसाला शक्य नाही. म्हणून नवा सोबती आणणे हाच बहुधा खरा उपाय.

सोबती त्याच लिंगाचा असावा, नाहीतर महिन्याभरात घर पिल्लांनी भरेल. त्याला प्रथम दोन-तीन आठवडे वेगळ्या खोलीत ठेवावे. पहिली भेट जुन्याच्या पिंजऱ्यात नव्हे, तर कोरड्या न्हाणीघरासारख्या दोघांनाही परक्या जागी घडवावी. थोडी कुस्ती, थोडे चीत्कार चालायचेच. एखादा केस फुलवून आडवा सरकू लागला, तर मात्र जाड टॉवेलने दोघांना विलग करावे; मध्ये उघडा हात घालू नये. एकत्र ठेवण्यापूर्वी पिंजरा स्वच्छ धुऊन आतील मांडणी बदलावी.

मागे उरलेला वृद्ध असल्यास एकाऐवजी दोन पिल्ले आणणे बरे. ती आपापसांत हुंदडतात आणि म्हाताऱ्याला विसावा मिळतो. पण मग ही साखळी संपायची कधी? ज्यांना पुढे उंदीर पाळायचे नाहीत, त्यांनी धडधाकट उंदीर इतर उंदीर असलेल्या घरी, वरील रीतीनेच, सोपवावा. अगदी थकलेल्या, आजारी उंदरावर मात्र नवी ओळख लादू नये. त्याचा पिंजरा घरातील माणसे जेथे सायंकाळी बसतात, त्या खोलीत आणून ठेवावा.